गाठ जुनी असू दे

आमच्या स्कॅन सेंटरमध्ये आता डॉक्टर बोलतात आणि पडद्यावर आपोआप अक्षरं उमटतात. मला ठेवलंय ते मशीनच्या चुका काढायला. सव्वीस वर्षं रिपोर्ट टाइप केल्यावर ही बढती आहे की शिक्षा, ते मालकांनी अजून सांगितलेलं नाही. परवा असाच एक रिपोर्ट वाचत होतो. बाईंना स्तनाचा कॅन्सर, आणि पोटाच्या स्कॅनमध्ये मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत एक गाठ. पुढे डॉक्टरांनी ठोकून दिलं होतं की आजार तिथवर पसरलाय. मी उठलो, त्या तरुण डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि विचारलं, "साहेब, बाईंचा जुना स्कॅन बघितला का?" टेबलानं तोंड उघडावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचंही चूक नाही. टायपिस्टनं असं विचारायचं नसतं. पण ते वाक्य सबनीस मॅडमचं होतं, आणि अकरा वर्षं ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलं होतं.

डॉक्टर निर्मला सबनीस. बाहेरच्या बोर्डावर शहराचं नाव अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडात अजून नगर आहे, आणि मॅडम तर जन्माच्या नगरच्या. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे, आजोबा भिक्षुकी करायचे. लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उंची बेताची, केस आखूड, साडीवर बारा महिने एक तपकिरी स्वेटर. मशीनसाठी खोली थंड ठेवावी लागते, त्यामुळे बाहेर मे महिना पेटलेला असायचा आणि आत मॅडम स्वेटरची बटणं लावत बसलेल्या असायच्या. टेबलाच्या खणात फुटाण्यांचा डबा. कॉम्प्युटरजवळ खायचं नाही अशी पाटी त्यांनीच लावली होती, आणि तिच्याखाली बसून त्याच फुटाणे खायच्या.

रिपोर्ट सांगताना त्या येरझाऱ्या घालायच्या. इंग्रजी रिपोर्ट, पण पूर्णविरामाला "टिंब" म्हणायच्या. एखादं वाक्य सांगून झालं की थांबायच्या, मागे यायच्या आणि विचारायच्या, "खिलारे, हे वाक्य तुमच्या सख्ख्या भावाबद्दल असतं तर चाललं असतं का?" पहिल्यांदा मला वाटलं की माझी चेष्टा चाललीय. मी सेंटरमध्ये येण्याआधी कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करायचो. तिथे वाक्य भावाबद्दल असो की भावाविरुद्ध, पानाचे पैसे तेवढेच. मॅडमना मात्र खरंच उत्तर हवं असायचं. मी "नाही" म्हटलं की ते वाक्य खोडायला लावायच्या.

आणखी एक खोड होती. रुग्णाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी येते, आधी कुठला आजार आहे ते तिच्यावर लिहिलेलं असतं. मॅडम ती चिठ्ठी टेबलावर पालथी घालायच्या, वर फुटाण्यांचा डबा ठेवायच्या आणि आधी नुसता स्कॅन बघायच्या. सगळं बघून झालं की मग डबा उचलून चिठ्ठी वाचायच्या आणि परत पहिल्यापासून बघायच्या. प्रत्येक रुग्णाला दुप्पट वेळ. बाहेर गर्दी, मालक घड्याळ दाखवतायत, आणि बाई चिठ्ठी पालथी घालून बसल्यात. मला राग यायचा, खोटं का बोला. जेवायला रोज तीन वाजायचे.

या ग्रंथीच्या बाबतीत तर त्या हट्टीच होत्या. प्रत्येक मूत्रपिंडाच्या वर एक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल म्हणतात तिला. खेड्यातल्या माणसांना मॅडम सांगायच्या, "मूत्रपिंडानं गांधी टोपी घातलीय असं समजा." या टोपीत पुष्कळ माणसांना एखादी साधी गाठ असते. ती काही करत नाही, माणूस तिच्यासकट म्हातारा होऊन दुसऱ्याच कशानं तरी जातो. पण कॅन्सरसुद्धा पसरताना याच टोपीत जाऊन बसतो, विशेषतः फुफ्फुसाचा. त्यामुळे कॅन्सरच्या माणसाच्या टोपीत गाठ दिसली की सगळे डॉक्टर एकाच दिशेला पळतात. मॅडम फोनवर त्यांच्याशी भांडायच्या. "का हो, कॅन्सर झालेल्या माणसाला पडसं होत नाही? त्याचे केस पिकत नाहीत? मग साधी गाठ त्याला का होऊ नये?" पलीकडचा सर्जन काहीतरी बोलायचा. "दिसली म्हणजे कळली नाही, डॉक्टर," असं म्हणून त्या फोन ठेवून द्यायच्या.

कळण्यासाठी त्यांची पद्धत ठरलेली होती. शिरेतून औषध देऊन स्कॅन काढतात, पण औषध गेलं की सगळ्याच गाठी उजळतात आणि साधी कोणती, वाईट कोणती, ते लगेच ओळखू येत नाही. म्हणून आधी औषधाविना कोरा स्कॅन. त्यात गाठीच्या घनतेचा आकडा दहाच्या खाली आला तर ती चरबीची, साधी. वर आला तर सांगता येत नाही, साधीही असेल किंवा नसेलही. मग जुना स्कॅन शोधा. पाच-सात वर्षांपूर्वी गाठ तेवढीच होती तर ती निरुपद्रवी. तेही नसेल तर शेवटी सुई घालून तुकडा काढा, पण त्याच्याही आधी रक्ताची एक तपासणी.

या रक्ततपासणीवरून एकदा आमच्याकडे मोठा तमाशा झाला. भंडारदऱ्याकडचा एक माणूस होता, धरणावर पर्यटकांना फिरवायचा. तंबाखूनं जिभेचा कॅन्सर झालेला आणि टोपीत गाठ. सर्जननं लिहून दिलं, सुई घाला. नातेवाईक पहाटे निघून आलेले. मॅडम त्या माणसाजवळ बसल्या आणि विचारलं, "कधी एकदम घाम फुटतो का? छाती धडधडते? डोकं ठणकतं?" तो बायकोकडे बघायला लागला. बायको म्हणाली, "फुटतो की. दोन वर्सं झाली. बाहेरचं काय असंल म्हनून अंगारा लावतो." मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, आज सुई नाही. त्याचा मेव्हणा आमच्या काउंटरवर हात आपटत होता, "एवढ्या लांबून आलो, घाला की सुई अन् करा मोकळं!" मॅडम बाहेर आल्या. "सुईनं मोकळं होईल, पण कसं होईल ते ऐका. काही गाठींत जहाल रस भरलेला असतो. टोचली की तो रक्तात उसळतो आणि माणूस टेबलावरच जातो." मेव्हण्याचा हात खाली आला. रक्ताचा अहवाल आला तेव्हा गाठ तीच निघाली, रसानं भरलेली. दोन महिन्यांनी तो माणूस स्वतःच्या पायानं घरच्या तांदळाची पिशवी घेऊन आला. आम्ही सगळे खूश. मॅडमनी तांदूळ घेतला, आभार मानले आणि आत जाऊन बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, आज तरी हसा." त्या म्हणाल्या, "याच्यानं कोपरगावचं फिटत नाही, खिलारे."

कोपरगावचं मला माहीत होतं. तो रिपोर्ट मीच टाइप केला होता.

मॅडमना सेंटरला येऊन दोन वर्षं झाली होती. कोपरगावहून भाड्याच्या जीपमधून चार रुग्ण आले होते. आमच्याकडे अशीच येतात माणसं. गावातले आजारी एकत्र मोट बांधून एक गाडी करतात, आणि शेवटच्याचं होईपर्यंत सगळे थांबतात. त्या दिवशी ड्रायव्हरच्या घरी काही तरी निघालं होतं, तो सारखा आत येऊन घाई करत होता. शेवटचे होते एक चित्रकलेचे मास्तर. फुफ्फुसात गाठ, ऑपरेशन करून काढता येण्यासारखी. मास्तर स्वतःच म्हणाले, "मॅडम, माझ्यामुळे बाकीचे खोळंबलेत, लवकर उरकता आलं तर बघा." मॅडमना दया आली. त्यांनी टेक्निशियनला सांगितलं, कोरा राहू दे, थेट औषध दे. स्कॅनमध्ये डाव्या टोपीत गाठ दिसली. समोर चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, फुफ्फुसाचा कॅन्सर. मॅडमनी सांगितलं, मी टाइप केलं, की अ‍ॅड्रिनलमध्ये पसरलेला आहे. सर्जननं तो कागद वाचला आणि ऑपरेशन रद्द केलं. पसरलेल्या माणसाची छाती कोण उघडणार?

सोळा महिन्यांनी मास्तर परत आले, खाटेवर. छाती भरलेली, यकृतही गेलेलं. टोपीतली गाठ मात्र जशीच्या तशी होती, मिलिमीटरचाही फरक नाही. मॅडमनी त्या दिवशी कोरा स्कॅन घेतला. आकडा आला चार. म्हणजे ती गाठ पहिल्यापासून साधी होती. मास्तरांचं ऑपरेशन व्हायला हवं होतं, आणि एका वाक्यामुळे ते झालं नव्हतं. मॅडम पडद्यासमोर बसून राहिल्या. मी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

मास्तर गेल्यावर महिन्याभरानं मॅडम कोपरगावला निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. रस्ताभर मी समजावत होतो, की सर्जननंही खात्री करायला हवी होती, जुना स्कॅन नव्हता, गाडी खोळंबली होती. त्या उसाच्या ट्रॉल्या बघत बसल्या. मास्तरांच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं. भिंतीवर मास्तरांनी काढलेली गोदावरीच्या घाटाची चित्रं होती. मॅडमनी काही न लपवता सगळं सांगितलं. बाई शेवटी म्हणाल्या, "हे सांगायला कशाला आलात तुम्ही? मी मनाची समजूत घातली होती, की काहीच करता येण्यासारखं नव्हतं. आता मी काय करू?" मग त्या आत गेल्या, त्या परत बाहेर आल्याच नाहीत. आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो. येताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरोबर बोलली ती. मी माझं ओझं हलकं करायला गेले होते." चिठ्ठी पालथी घालायची सवय तेव्हापासूनची. मी जेवणाच्या वेळेवरून कुरकुर करायचो, पण मनातल्या मनात, मोठ्यानं कधी केली नाही.

त्यानंतर सात वर्षांनी नामदेव आला.

काष्टीच्या बैलबाजारात दलाली करणारा माणूस. पन्नाशीचा, मोठ्या आवाजाचा, खोकला आला की स्वतःलाच शिवी देणारा. फुफ्फुसात गाठ, पुण्यात ऑपरेशनची तारीख मिळालेली. फक्त पोटाचा स्कॅन राहिला होता, तो नगरला करून घ्या असं सांगितलेलं. उजव्या टोपीत गाठ निघाली. कोरा स्कॅन केला, आकडा आला एकतीस. म्हणजे सांगता येत नाही. पुण्याच्या सर्जनचं म्हणणं स्पष्ट होतं. पसरला नसेल तर ठरल्या तारखेला ऑपरेशन, पसरला असेल तर ऑपरेशन नाही, औषधं चालू करायची. तारखेला अठरा दिवस होते.

मॅडमनी त्याला आणि त्याच्या बायकोला, हिराबाईंना, समोर बसवलं. टोपीचं सांगितलं. नामदेव म्हणाला, "आमी बैलाचा दात बघून वय सांगतो, तसं गाठीचं वय सांगता येत न्हाई व्हय?" मॅडम चक्क हसल्या. म्हणाल्या, "येतं की. जुना स्कॅन असेल तर येतं." आणि तेव्हा हिराबाईंना आठवलं, की आठ वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी नामदेवच्या पोटाचा स्कॅन झाला होता. कुठे, तर नगरमधल्याच एका सेंटरमध्ये. ते कधीच बंद पडलं होतं. म्हणजे आता जे काही असेल ते घरी.

घरी काय असणार? आमच्याकडे दुखणं बरं झालं की त्याचे कागद घरात ठेवत नाहीत. दुखण्याला परत वाट दिसते म्हणतात. हिराबाईंनी मुतखडा पडल्यावर सगळी फाइल नदीला सोडली होती. "फिल्मा बी सोडल्या?" मॅडमनी त्यांच्याच बोलीत विचारलं. बाई विचारात पडल्या. "कागूद सोडलं. फिल्मा जाड हुत्या, चांगल्या हुत्या. कशाला तरी वापरल्या असत्याल." मॅडम पुढे वाकल्या. "शोधा. मोठी फिल्म, तिच्यात बारीक बारीक चित्रं. आणि त्यात ही गाठ असू दे म्हणून देवाला सांगा. जुनी असली म्हणजे साधी."

रक्त मुंबईला पाठवलं. हिराबाई रोज फोन करायच्या, आणि मॅडमनी माझा नंबर दिलेला असल्यामुळे ते मला ऐकावं लागायचं. एक फिल्म पोरांनी ग्रहण बघायला नेली ती गेलीच. एक खुराड्याच्या खिडकीला लावलेली होती, उन्हानं काळी ठिक्कर पडलेली. मी ते सांगायला गेलो की मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठायच्या आणि परत बसायच्या. त्यांना मी इतकं अधीर कधी बघितलं नव्हतं. मला कळत होतं त्यांना काय हवंय. एकदा त्यांच्या कागदानं एका माणसाचं ऑपरेशन गेलं होतं. एकदा तरी त्यांच्या कागदानं कुणाला ते मिळावं, एवढंच.

अकराव्या दिवशी फोन आला. हिराबाई रडत होत्या आणि हसत होत्या. "भाऊ, घावली! खंडोबाच्या फोटूच्या मागं हुती. भिताडाची ओल लागू नाई म्हनून मीच घातल्ती फ्रेममंदी. देवानं ठिवली बघा जपून!"

दुसऱ्या दिवशी दोघं आले. नामदेवनं पांढरंशुभ्र धोतर घातलं होतं. खोकल्यानं त्याचा आवाज बसला होता, तरी त्याच्या गप्पा चालू होत्या. फिल्म अंधारात राहिल्यामुळे साफ होती, कडेला फक्त कुंकवाचा डाग. रक्ताचा अहवालही आला होता, त्यात काही भीतीचं नव्हतं. नामदेवला बाहेर बसवून मॅडम हिराबाईंना आत घेऊन आल्या. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. भिंग घेतलं. एक एक चित्र बघत त्या खाली आल्या, परत वर गेल्या, परत खाली आल्या. मी दारात उभा होतो. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि स्वेटरच्या बाहीत ओढून घेतलेला डावा हात.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा गाठ नव्हती."

हिराबाईंना मॅडमनी इतक्यांदा समजावलं होतं, की त्यांना लगेच कळलं. जगात कुठल्याही बाईला नवऱ्याच्या पोटात गाठ नव्हती हे ऐकून बरं वाटलं असतं. ही बाई भिंतीला धरून खाली बसली.

मॅडमही तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "अजून सिद्ध झालेलं नाही. सुई घालून बघायला लागेल. मी स्वतः घालते. पण हिराबाई, मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही."

"सुई नगं," हिराबाई म्हणाल्या. "फिल्म घावलीच न्हाई म्हना. मी नेते अन् जाळून टाकते. तुमी साधी गाठ हाय म्हनून लिवा, बाई. तारीख हाय त्यांची. कापून काडत्याल तिकडं. कुनाला कळतंय?"

मी सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, लिहावं. एक ओळ तर टाइप करायची होती. मी टाइप केली असती.

"माझ्या कागदावर ते छाती उघडतील," मॅडम म्हणाल्या. "फुफ्फुस काढतील, आणि आजार आत राहील. त्याच्या हातात जे बरे दिवस आहेत ते टाके भरण्यात जातील. कोपरगावला एक बाई आहे. तिच्या नवऱ्याचं मी एकदा चुकीचं लिहिलं. माहीत नव्हतं म्हणून लिहिलं. ते मला जन्माला पुरलंय. जाणूनबुजून लिहून मी कुठं जाऊ?"

हिराबाईंनी पदर तोंडात कोंबला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग त्यास्नी कुनी सांगायचं?"

"मी सांगते."

सुई मॅडमनी त्याच आठवड्यात घातली, आणि तुकड्यात तेच निघालं जे फिल्मनं सांगितलं होतं. पुण्याची तारीख दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल. औषधांवर नामदेवनं बाजाराचे दोन मोसम काढले. फिल्म सापडली त्याच वर्षी दिवाळीनंतर मॅडमनी काम सोडलं आणि भावाकडे नाशिकला गेल्या. निरोपाचं भाषण नको म्हणाल्या, नारळही घेतला नाही. त्या दिवशी मी रजेवर होतो, त्यामुळे त्यांना जाताना बघितलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे त्या उभ्या राहतात त्या फिल्म आली त्या दिवशीच्या, आतून बाहेर जाताना.

हिराबाईंना आतच बसवून मॅडमनी तोंड धुतलं, स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि काचेचं दार ढकललं. बाहेर बाकावर नामदेव शेजारच्या दोन माणसांना काहीतरी रंगवून सांगत होता. मघाशी टेक्निशियन पोरगा आतून बाहेर गेला होता, त्याच्याकडून नामदेवनं अर्धवट ऐकलं असावं. मॅडमना बघताच तो टोपी सावरत उभा राहिला. त्याचा सगळा चेहरा उजळला होता.

"गाठ न्हाई म्हनं फिल्ममंदी!" तो त्या बसलेल्या आवाजात जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाला. "म्या म्हनलंच हुतं हिला. उगं रडती."

मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला खाली बसवलं आणि शेजारच्या माणसांना जरा सरकायला सांगितलं.